मिनी पोकलेन घेताना: एसी केबिन की ओपन कॅनोपी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यावल तालुक्यातला एक तरुण शेतकरी साडेतीन टनांचा नवा मिनी पोकलेन घेतोय. काम मुख्यतः ठिबकच्या मेन लाइनचे चर, बांध सरळ करणं, केळीच्या जुन्या बागा काढणं आणि मिळालं तर गावातल्या नळयोजनेची पाइपलाइन. डीलरने दोन कोटेशनं दिली आहेत, एक ओपन कॅनोपीचं (बाजूंनी उघडं, खांबांवरचं छप्पर) आणि एक एसी केबिनचं. वर एक मधला मार्गही सुचवलाय की केबिन घ्या पण एसी नको, तेवढेच पैसे वाचतील. घरच्यांचं म्हणणं, डोक्यावर छप्पर आहे ना, बस झालं.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. मशीनवर पगारी ऑपरेटर बसणार असेल आणि फेब्रुवारी ते जून सलग भाड्याचे तास भरायचे असतील, तर कंपनीची एसी केबिन घ्या. स्वतःच्या शेतापुरतं आणि शेजारपाजारच्या कामापुरतं मशीन असेल, स्वतःच चालवणार असाल, तर कॅनोपी पुरते. मधला मार्ग, म्हणजे बिनाएसीची केबिन, ते कोटेशन मात्र फाडून टाका. आपल्या भागात त्यापेक्षा वाईट काहीही नाही.

केबिन की कॅनोपी यावर पुण्या-मुंबईकडची माणसं बोलतात तेव्हा पहिला मुद्दा पावसाचा काढतात. कोकणात ते बरोबरच आहे. जळगाव-धुळ्याकडे वर्षाचा पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तो पडला की काळ्या जमिनीत मशीन घालता येत नाही. चेनला चिखल चिकटतो, बांध दबतो, शेतकरी स्वतःच म्हणतो की आता पुढच्या वर्षी बघू. म्हणजे ज्या दिवसांत केबिनने पावसापासून वाचवायचं, त्या दिवसांत आपलं मशीन बहुतेक शेडमध्ये असतं.

आपल्याकडचा खरा मुद्दा उन्हाचा, आणि त्यातही वेळापत्रकाचा. खोदकामाचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम एकच आहे. रब्बी निघाल्याशिवाय शेत मोकळं होत नाही. मृगबागेची केळी जून-जुलैत लावायची तर मेन लाइन आणि सबमेन एप्रिल-मेमध्ये गाडावी लागते. बागायती कापूसवाल्यालाही मे संपायच्या आत ठिबक तयार हवं असतं. नाले कोरडे पडतात तेही तेव्हाच, त्यामुळे गाळ आणि खोलीकरणाची कामं त्याच दोन महिन्यांत येऊन पडतात. नेमक्या त्याच दिवसांत भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर असतो. २०२४ च्या मे अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे जळगाव जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश निघाला होता. वर्षभराची कमाई ज्या आठवड्यांत व्हायची, त्याच आठवड्यांत दुपारी मशीनवर माणूस टिकत नाही. केबिनचा विचार इथून सुरू करायचा.

कॅनोपीखाली सावली असते, वारा असतो, हे खरं. पण हवेचं तापमान अंगाच्या कातडीपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेलं की वारा अंगाला थंड करत नाही, उलट गरम करतो. तरी माणूस तग धरतो, कारण आपली हवा कोरडी आहे आणि घाम झटकन उडतो. तो घाम टिकवायला पाणी लागतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. तहान लागेल तेव्हा पिऊ म्हणणारा ऑपरेटर मागे पडतो. कॅनोपीचं मशीन ठेवणार असाल तर २० लिटरचा जार, ताक आणि ओआरएसची पाकिटं यांना मशीनचाच खर्च समजा, ऑपरेटरवरचा उपकार नव्हे. शिवाय इंजिन आणि हायड्रॉलिक तेलाची उष्णता मागून पाठीवर येते ती वेगळीच. छोट्या मशीनमध्ये सीट जवळजवळ इंजिनच्या डोक्यावर असते.

आता काचेच्या बंद केबिनमध्ये एसी नाही असं धरा. काच ऊन आत घेते आणि गरम हवा बाहेर सोडत नाही. दार, पुढची काच सगळं उघडलं तरी मागचा आणि उजव्या हाताचा भाग बंदच राहतो, कारण उजवीकडे बूम, म्हणजे मशीनचा खोदणारा हात असतो आणि तिथे दार नसतं. ऑपरेटर मग दार बांधून ठेवतो, पुढची काच वर सरकवतो, आणि धूळ आत येऊन बाहेर जायला जागा न मिळाल्याने आतच फिरते. म्हणजे कॅनोपीचा वारा गेला, केबिनची स्वच्छ हवाही मिळाली नाही, आणि पैसे मात्र जास्त गेले. डीलर हे मॉडेल सुचवतो याचं कारण बहुधा त्याच्याकडे ते पडून आहे.

एसी केबिनलाही तितकीच मोठी अट आहे, ती म्हणजे एसी चालू ठेवायचा. मालक केबिन घेतो आणि पहिल्याच आठवड्यात ऑपरेटरला सांगतो, "एसी लावू नको, डिझेल खातं." हिशोब करून बघा. साडेतीन टनांचं इंजिन साधारण २५ एचपीचं असतं. कंप्रेसर पूर्ण जोरात असताना त्यातले तीनेक एचपी घेतो. तो कायम चालू नसतो, बंद-चालू होत राहतो. माझ्या अंदाजाने तासाला अर्धा लिटर धरावं. आठ तासांचे चार लिटर, नव्वदच्या घरातल्या डिझेलने साडेतीनशे-चारशे रुपये. दुसऱ्या बाजूला, कॅनोपीचं मशीन बारा ते चार उभं राहतं. त्या चारपैकी दोन तास जरी मिळाले तरी तुमच्या तासाच्या रेटने मांडून बघा, मग एसी महाग आहे का ते ठरवा. आणि चांगला ऑपरेटर मे महिन्यात कुणाकडे जातो हेही धरा. शेजारच्या गावात एसी मशीन आलं की उचल फेडून निघून जाणारे ऑपरेटर आपल्याकडे कमी नाहीत.

या हिशोबात एक चोर खड्डा आहे, तो बहुतेक जण विसरतात. ऑपरेटर गारव्यात बसला तरी चरात उतरणारा हेल्पर, पाइप जोडणारी पोरं उन्हातच असतात. त्यामुळे एसी आहे म्हणून भर दुपारी पाइपलाइन ओढायला गेलात तर आधी हेल्पर पडेल. मी दुपारची वेळ एकट्या मशीनच्या कामांना ठेवतो. केळीचे बुंधे काढणं, पिलबाग (केळीचा खोडवा) संपलेलं शेत साफ करणं, मुरूम पसरवणं, बांधाची माती ओढणं. पाइपचं काम पहाटे आणि चारनंतर. या पद्धतीने कामं लावता येत नसतील, म्हणजे तुमच्याकडे नुसतीच पाइपलाइन असेल, तर एसीचा अर्धा फायदा कमी झाला असं समजून चला.

एसी किती लहान मशीनला परवडतो? पावणेदोन टनांच्या मशीनचं इंजिन १५-१६ एचपीचं. त्यातून तीन-चार एचपी कंप्रेसरला दिले तर कडक मुरुमात बकेट दाबताना इंजिन रडतं. शिवाय केबिनमुळे शंभर-दीडशे किलो वजन वाढतं, तेही वरच्या बाजूला. मोठ्या मशीनला ते जाणवत नाही, पण पावणेदोन टनांचं मशीन उतारावर आडवं फिरताना नक्की जाणवतं. या वर्गात मी कॅनोपीच घेईन. मशीन लहान, ट्रॅक आत घेतले की मीटरभर रुंद, केळीच्या दोन ओळींच्या कडेने किंवा गोठ्यामागच्या बोळीतून जाणारं. तिथे केबिनच्या काचा आणि दाराचे बिजागर किती दिवस टिकतील ते तुम्हीच बघा. तीन टनांच्या पुढे एसीचा विचार सुरू होतो, आणि पाच टनांच्या वर भाड्याचं काम असेल तर मी कॅनोपीचं नावही घेणार नाही.

तुमचं काम तापीच्या कुठल्या काठाला आहे यावरही बरंच अवलंबून आहे. यावल, रावेर, चोपडा हा पट्टा तापीच्या गाळाचा. माती खोल, खोदायला सोपी, पण कोरडी असताना पिठासारखी उडते. सातपुड्याच्या पायथ्याला सरकलं की गोटे आणि भरड माल लागतो. नदीच्या दक्षिणेला पाचोरा, चाळीसगाव, पारोळा, पुढे साक्रीकडे, दोन-तीन फुटांवर मुरूम आणि खाली बेसॉल्ट. तिथे दगड फोडणारा ब्रेकर लावल्याशिवाय चर होत नाही. ब्रेकर लावणार असाल तर उन्हाचा मुद्दा दुसरा, पहिला मुद्दा उडणाऱ्या कपच्यांचा. उघड्या कॅनोपीवर पुढे काहीही नसताना ब्रेकर चालवणं म्हणजे डोळ्याशी जुगार. केबिन असेल तर पुढच्या काचेला जाळी किंवा पॉलिकार्बोनेटचा गार्ड हवा. कॅनोपी असेल तर चार खांबांची घ्या, म्हणजे पुढचा गार्ड बसवायला आधार मिळतो. दोन खांबांची कॅनोपी मागून उभी असते. पुढे नजर मोकळी राहते, चर काढायला ती छान, ब्रेकरला नाही.

धुळीचं म्हणाल तर शेतातली धूळ त्रासदायक आहे, पण गावातला काँक्रिट रस्ता फोडून पाइप टाकताना उडणारी धूळ जास्त वाईट. त्यात बारीक स्फटिक सिलिका असते आणि तिने फुप्फुसांना होणारं नुकसान भरून येत नाही. जलजीवन नळयोजनेच्या कामांत गावोगाव हेच झालं, रस्ता आधी काँक्रिटचा केला आणि मग पाइपसाठी फोडला. अशा कामाला बंद केबिन खरोखर उपयोगी पडते, अट अशी की दाराचे रबर धड हवेत, फिल्टर वेळेवर साफ व्हायला हवा आणि ब्लोअर चालू हवा, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त राहून धूळ शिरत नाही. हेल्परला एन-९५ मास्क द्या आणि फोडायच्या जागेवर पाणी मारा, हे केबिन असली तरी. केबिनमध्ये बसलेल्याला बाहेर किती धूळ उडते आहे याचा पत्ताच लागत नाही. आणखी एक, केबिनचा साधा कागदी फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही. शेजारच्या बागेत फवारणी चालू असेल किंवा विहिरीच्या आत मशीन उतरवून धुराड्याचा धूर कोंडला असेल, तर केबिनच्या भरवशावर बसू नका.

आता कॅनोपीच्या बाजूचं जे बोललं जात नाही ते. चर काढताना कान फार कामाचे असतात. जुन्या पीव्हीसी लाइनला दात लागल्याचा टक् आवाज, पाण्याची सळसळ, हेल्परची "थांब!" ही हाक, हे कॅनोपीवर लगेच ऐकू येतं. बंद केबिनमध्ये एसीचा ब्लोअर आणि मोबाइलवरचं गाणं चालू असेल तर मालकाच्या बांधावरची मेन लाइन फुटून तळं झाल्यावरच कळतं. आपल्या शेतांत तीन पिढ्यांच्या पाइपलाइनी एकावर एक गाडलेल्या आहेत, नकाशा कुणाकडेच नाही. केबिन घेतलीत तर हाताच्या खुणा ठरवून ठेवा. मूठ वर म्हणजे जागेवर बंद. आणि हेल्पर ऑपरेटरच्या नजरेसमोर उभा राहील, बूमच्या बाजूला नाही. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून चर ओढताना धुळकट काचेवर ऊन पडलं की पुढचं काही दिसत नाही, तेव्हा काच पुसायचं फडकं आणि पाण्याची बाटली जवळच असावी.

उलट बाजूने, आग्या मोहोळ. सातपुड्याकडे किंवा जुन्या वडाखाली काम असेल तर मशीनच्या हादऱ्याने माश्या उठतात, आणि तेव्हा बंद दार म्हणजे जीव. केळीच्या आणि लिंबूच्या बागेत गांधीलमाश्यांचंही तेच. रात्री लाइट लावून काम केलं की कॅनोपीवर पाखरं तोंडात जातात, हे छोटं दुःख, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेटर त्यावरून काम सोडतो. चोरीसाठीही केबिन बरी. मशीन शेतात मुक्कामाला असतं, तेव्हा कॅनोपीवरची सीट, मीटर, बॅटरीच्या वायरी सगळं उघडं. सीटचं रेक्झिन उन्हाने दोन उन्हाळ्यांत तडकतं.

सुरक्षेचं आता. लोकांना वाटतं केबिन म्हणजे सुरक्षित आणि कॅनोपी म्हणजे नुसती सावली. तसं नाही. कंपनीची कॅनोपीही सहसा ठरलेल्या चाचणीतून गेलेली असते. १ ते ६ टनांच्या लहान एक्स्कॅव्हेटरसाठी मशीन कलंडल्यावर माणसाभोवती जागा शिल्लक राहावी असा जो सांगाडा लागतो त्याला टॉप्स म्हणतात, मानक आयएसओ १२११७. वरून वस्तू पडण्यापासूनचं संरक्षण म्हणजे फॉप्स. त्याची पहिली पातळी १,३६५ ज्यूलची, म्हणजे ढोबळमानाने ४५ किलोचं वजन तीन मीटरवरून पडलं तरी छत आत न घुसणं. दुसरी पातळी ११,६०० ज्यूलची, म्हणजे सव्वादोनशे किलो सव्वापाच मीटरवरून. शेतातल्या कामाला पहिली पातळी पुरते. दरडीखाली किंवा जुनं बांधकाम पाडायला दुसरी मागा. हे सगळं मशीनवर रिव्हेट मारलेल्या छोट्या पाटीवर लिहिलेलं असतं. ती पाटी दोन्ही कोटेशनच्या मॉडेलवर आहे का हे शोरूममध्येच बघा.

पण कॅनोपीवर हा सांगाडा सीटबेल्टशिवाय निरुपयोगी आहे. नाल्याच्या काठावर, उन्हाने भेगाळलेल्या काळ्या मातीच्या कडेवर मशीन कलंडायला लागलं की माणूस उडी मारायला बघतो, आणि तोच खांब त्याच्यावर येतो. केबिनमध्ये निदान दार आडवं येतं. कॅनोपीवर फक्त बेल्ट. आपल्याकडे बेल्ट सीटच्या मागे गुंडाळून ठेवलेला असतो, कारण दर दहा मिनिटांनी खाली उतरायचं असतं. कॅनोपीचं मशीन कुणाच्या हाती देणार असाल तर पहिल्या दिवशी एवढीच एक गोष्ट भांडून मान्य करून घ्या.

"आता कॅनोपी घेतो, पुढे गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून केबिन बांधून घेतो" हा विचार मनात असेल तर थांबा. कॅनोपीच्या खांबाला वेल्डिंग केलं, भोक पाडलं की तो चाचणी झालेला सांगाडा राहत नाही. काच साधी बसवली तर कपची लागल्यावर तिचे सुरे होतात. आणि नंतर बसवलेल्या एसीचा कंडेन्सर, म्हणजे गरमी बाहेर टाकणारी जाळी, बहुतेक वेळा रेडिएटरच्या पुढ्यात ठोकलेला असतो, मग मे महिन्यात इंजिनचा काटा लालकडे जातो. कॅनोपीवर सोय करायचीच असेल तर छताच्या आतून फोमची शीट चिकटवा, वरून पांढरा रंग द्या, १२ व्होल्टचा पंखा नटबोल्टच्या क्लॅम्पने लावा. हिरवी शेडनेट पश्चिमेकडून बांधायचा मोह होतो, पण वळताना त्या बाजूचा माणूस दिसत नाही, म्हणून माझा तिला विरोध आहे.

तुमच्या बाबतीत माझा कल एसी केबिनकडे आहे, कारण तुम्ही नळयोजनेची कामं धरायची म्हणताय आणि मशीनवर पगारी माणूस बसवणार असं दिसतंय. सही करण्याआधी डीलरकडून डेमो मागा, सकाळचा नाही, दुपारी दोनचा. एसी पूर्ण चालू, बकेट कडक जमिनीत, सलग तासभर. त्या तासात तीन गोष्टी बघा. इंजिनच्या तापमानाचा काटा कुठे थांबतो, बूम आणि फिरणं एकदम चालवलं तर इंजिनचा आवाज किती बसतो, आणि कंडेन्सर साफ करायला किती बोल्ट खोलावे लागतात. केळीचा वाळलेला पाला आणि कापसाचा पिंजर त्यात अडकणारच. हंगामात रोज संध्याकाळी आतून बाहेर हवा मारावी लागते, आणि ते काम पाच मिनिटांत होत नसेल तर ऑपरेटर ते करणार नाही. हवेचा दाब कमीच ठेवायचा, नाहीतर कंडेन्सरचे पातळ पत्रे वाकतात. शेवटी विचारा की एसीचा गॅस आणि बेल्टचं काम करणारा माणूस जळगाव-भुसावळला आहे की नाशिकहून यायचा. गाडीच्या एसीचा स्थानिक मेकॅनिक होज आणि गॅसचं काम करू शकतो, पण कंप्रेसरचं ब्रॅकेट कंपनीचं वेगळं असेल तर सुटा भाग येईपर्यंत मे संपलेला असतो. तो भाग जळगावच्या स्टॉकमध्ये ठेवायला डीलर लेखी तयार असेल, तर जास्तीचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. तयार नसेल तर दुसऱ्या कंपनीचं मशीन बघा, कॅनोपीकडे वळू नका.